डीएनए टेस्टने अनोळखी मृतदेहाची ओळख कशी पटते? घरातलं कोणी बेपत्ता असेल तर काय करायचं?

३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळच्या वायनाड जिल्ह्यात दरड कोसळली आणि मुंडक्कई, चूरलमला ही गावं चिखलाखाली गेली. कितीतरी मृतदेह चालियार नदीतून वाहत दूर शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात सापडले. अनेकदा पूर्ण देह नव्हे, फक्त अवयव हाती लागले. चेहरा पाहून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. अशा मृतांना पुत्तुमला इथे पुरलं तेव्हा त्यांच्या जागेवर नावाऐवजी नंबर लिहिले गेले. प्रत्येक नंबरमागे एक डीएनए सॅम्पल जपून ठेवलं होतं. पुढे नातेवाइकांच्या रक्ताशी ही सॅम्पल जुळत गेली, तशी काही नंबरांच्या जागी नावं आली. वेगवेगळ्या ठिकाणी सापडलेले अवशेष एकाच माणसाचे आहेत, हेही तेव्हाच कळलं.

हे नेमकं होतं कसं? आणि आपल्या घरातलं कोणी बेपत्ता असेल तर आपलं काम काय? चला, एकेक गोष्ट समजून घेऊया.

आधी एक गैरसमज दूर करू

टीव्हीवरच्या सीआयडीसारख्या मालिका पाहून आपल्याला वाटतं की सॅम्पल मशीनमध्ये टाकलं की स्क्रीनवर नाव आणि फोटो येतो. तसं काहीही होत नाही.

तुमच्या फोनचं फिंगरप्रिंट लॉक आठवा. तुम्ही आधी बोट सेव्ह केलेलं असतं, म्हणून फोन तुम्हाला ओळखतो. सेव्हच केलं नसेल तर सेन्सर कितीही महाग असला तरी लॉक उघडणार नाही. डीएनएचंही तसंच आहे. मृतदेहाचं सॅम्पल ही एक बाजू झाली. ते ज्याच्याशी ताडून पाहायचं ती दुसरी बाजू बेपत्ता माणसाच्या घरात असते. ती लॅबपर्यंत पोहोचलीच नाही, तर रिपोर्ट तयार होऊनही फाइल तशीच पडून राहते.

डीएनए प्रोफाइल म्हणजे काय?

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए असतो. त्याची लांबी सुमारे ३०० कोटी अक्षरांची. पण कोणत्याही दोन माणसांत यातली साधारण ९९.९ टक्के अक्षरं सारखीच असतात. त्यामुळे लॅब पूर्ण डीएनए वाचत बसत नाही. माणसामाणसांत जिथे फरक पडतो अशा ठरावीक जागाच ती तपासते.

या जागांना एसटीआर म्हणतात. तिथे बहुतेकदा चार अक्षरांचा एक छोटा तुकडा परत परत आलेला असतो. कुणाकडे तो ९ वेळा येतो, कुणाकडे १४ वेळा. आपल्याला प्रत्येक जागेचे दोन आकडे मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. समजा एका जागी आईचे आकडे ९ आणि १२ आहेत, वडिलांचे ११ आणि १४. तर मुलाकडे ९ आणि १४ असू शकतात, १२ आणि ११ असू शकतात, पण ९ आणि १२ असू शकत नाहीत. एका जागेवरून काही सिद्ध होत नाही. पण अशा वीसेक जागा एकदम जुळल्या की योगायोगाची शक्यता जवळपास संपते. अमेरिकेच्या एफबीआयने २०१७ पासून आपल्या डेटाबेससाठी १३ ऐवजी २० जागा ठरवल्या आहेत.

म्हणजे प्रोफाइल ही शेवटी आकड्यांची यादी आहे. व्यक्ती स्त्री होती की पुरुष हे त्यातून कळतं. नाव, गाव, चेहरा यातलं काही त्यात नसतं.

डीएनएवरून माणूस ओळखण्याची ही पद्धत १९८४ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांनी शोधली. भारतात ती रुजवण्याचं मोठं काम हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डॉ. लालजी सिंह यांनी केलं.

मृतदेहातून सॅम्पल कशाचं घेतात?

मृतदेह किती जुना आणि कोणत्या अवस्थेत आहे, त्यावर हे ठरतं.

मृतदेह ताजा असेल तर रक्त किंवा स्नायूचा तुकडा पुरतो. पाण्यात, उन्हात, दमट हवेत राहिलेल्या देहात मऊ भाग लवकर कुजतो आणि डीएनए तुटत जातो. मग दात आणि हाडांकडे वळावं लागतं. दाढ, मांडीचं हाड आणि कानामागचं कवटीतलं टणक हाड यांत डीएनए जास्त काळ टिकतो. दाताचं वरचं कवच एखाद्या डबीसारखं आतल्या भागाचं रक्षण करतं.

हाड आधी स्वच्छ करून त्याची बारीक पूड करतात. त्यातला कॅल्शियम काढून डीएनए वेगळा करतात. मिळालेला डीएनए फारच कमी असतो, म्हणून पीसीआरने त्याच्या कोट्यवधी प्रती काढतात. कोविडच्या काळात घराघरांत पोहोचलेला पीसीआर हा शब्द, तंत्र तेच. ताज्या रक्ताचं प्रोफाइल एक-दोन दिवसांत निघू शकतं, जुन्या हाडाला कित्येक आठवडे लागू शकतात.

इथे एक चूक फार महागात पडते. पोस्टमॉर्टेमनंतर डीएनएसाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवला तर डीएनए खराब होतो. इतर तपासण्यांसाठी फॉर्मेलिन चालतं, डीएनएसाठी नाही.

फार जास्त तापमानात जळून पांढरं पडलेलं, भुसभुशीत झालेलं हाडही बहुतेक वेळा काहीच देत नाही.

मॅच कशाशी करतात?

दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे बेपत्ता व्यक्तीच्या स्वतःच्या वस्तू. टूथब्रश, दाढीचं रेझर, मुळासकट केस अडकलेला कंगवा. हॉस्पिटलमध्ये कधी बायोप्सी झाली असेल तर तिथे जपून ठेवलेला नमुनाही चालतो. अट एकच, ती वस्तू फक्त त्याच व्यक्तीने वापरलेली हवी. घरात चौघं एकच कंगवा वापरत असतील तर त्याचा उपयोग नाही.

दुसरा मार्ग म्हणजे रक्ताचे नातेवाईक. गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला स्वॅब किंवा रक्ताचे काही थेंब पुरतात.

कोणत्या नातेवाइकाचं सॅम्पल जास्त उपयोगी?

इथेच बहुतेक घरांत गोंधळ होतो. जो धावपळ करतोय तोच सॅम्पल द्यायला जातो, मग तो मेहुणा का असेना. पण लॅबला धावपळ करणारा नको, रक्ताचं नातं असलेला माणूस हवा.

आई आणि वडील दोघंही: सगळ्यात उत्तम. प्रत्येक जागेचा एक आकडा आईशी आणि दुसरा वडिलांशी जुळायला हवा.

मुलं: तितकीच उपयोगी. सोबत त्यांच्या आईचं, म्हणजे बेपत्ता माणसाच्या पत्नीचं सॅम्पल मिळालं तर अजून चांगलं. पत्नीचा डीएनए पतीशी जुळत नाही. पण मुलाचे आईकडून आलेले आकडे बाजूला काढता येतात, उरलेले वडिलांचे.

सख्खी भावंडं: चालतात, पण एकट्या भावाच्या किंवा बहिणीच्या सॅम्पलवर भागेलच असं नाही. सख्ख्या भावंडांना आईवडिलांकडून वेगवेगळे आकडे मिळालेले असतात, सरासरी निम्मेच जुळतात. म्हणून शक्य तितक्या भावंडांचं सॅम्पल द्यावं.

मावशी, मामा, मावशीची मुलं: इथे मायटोकॉन्ड्रियल डीएनए कामी येतो. हा डीएनए फक्त आईकडून मुलांकडे जातो, आणि एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात. त्यामुळे खराब झालेल्या हाडातून आणि मूळ नसलेल्या केसातूनही तो मिळू शकतो. आपल्यात आणि आपल्या मावशीत तो सारखा असतो. मामातही असतो, पण मामा तो आपल्या मुलांना देऊ शकत नाही, म्हणून मामेभाऊ इथे उपयोगाचा नाही.

काका, चुलतभाऊ: बेपत्ता व्यक्ती पुरुष असेल तर वाय क्रोमोसोम तपासतात. तो वडिलांकडून मुलाकडे जातो, म्हणून काका आणि काकांचा मुलगा चालतो.

मायटोकॉन्ड्रियल आणि वाय या दोन्ही चाचण्यांची एक मर्यादा आहे. एकाच आजीच्या मुलींच्या सगळ्या मुलांत किंवा एकाच घराण्यातल्या सगळ्या पुरुषांत निकाल सारखाच येऊ शकतो. म्हणून त्या बहुतेकदा जोड पुरावा म्हणून वापरतात.

मॅच आला म्हणजे किती खात्री?

रिपोर्टमध्ये नुसतं हो किंवा नाही नसतं, एक आकडा असतो. हा माणूस या आईवडिलांचा मुलगा असेल तर असा निकाल येण्याची शक्यता, आणि कोणी अनोळखी असेल तर येण्याची शक्यता, यांची तुलना केलेली असते. आईवडील दोघांचं सॅम्पल असेल तर हा फरक कोट्यवधी पटींचा असू शकतो. फक्त एका भावाचं असेल तर बराच कमी.

शेकडो मृतदेह आणि शेकडो कुटुंबं एकमेकांशी ताडायची असतील तर अर्धवट जुळणारी नाती योगायोगानेही सापडतात. म्हणून लॅब वय, लिंग, उंची, दात, जुनं फ्रॅक्चर, कपडे या गोष्टीही पाहते. इंटरपोलच्या नियमांत बोटांचे ठसे, दात आणि डीएनए या तिन्ही पद्धती ओळखीसाठी मुख्य मानल्या आहेत. कपडे, दागिने, चेहरा पाहून पटवलेली ओळख त्यांच्या खालची. मोठ्या अपघातात सुजलेला किंवा भाजलेला चेहरा पाहून घरचेसुद्धा चुकतात, आणि एक मृतदेह चुकीच्या घरी गेला की दोन घरांचं नुकसान होतं.

प्रत्यक्षात हे कुठे कुठे वापरलं गेलं?

अहमदाबाद, २०२५: १२ जूनला लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे मिळून २६० जण गेले. क्रूमधले काही जण मुंबई, डोंबिवली, बदलापूर, पनवेल भागातले होते. आगीमुळे बहुतेक मृतांची ओळख डीएनएवरूनच पटवावी लागली. नातेवाइकांची सॅम्पल तातडीने घेतली गेली आणि साधारण दोन आठवड्यांत काम पूर्ण झालं. हे इतकं लवकर झालं याचं मोठं कारण म्हणजे विमानात कोण होतं याची यादी हातात होती, म्हणजे कुणाच्या घरी फोन करायचा हे माहीत होतं.

बोस्निया: १९९५ च्या जुलैमध्ये स्रेब्रेनित्सा इथे सुमारे ८,००० पुरुष आणि मुलांची हत्या झाली. पुरावा लपवायला मारेकऱ्यांनी नंतर सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून अवशेष दुसरीकडे नेले. त्यामुळे एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या कबरींत सापडू लागली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आयसीएमपी या संस्थेने बेपत्ता लोकांच्या नातेवाइकांचं रक्त मोठ्या प्रमाणावर गोळा केलं आणि २००१ पासून डीएनएच्या आधारे ओळख पटवायला सुरुवात केली. आजवर जवळपास ७,००० जणांची ओळख पटली आहे.

न्यूयॉर्क: ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये २,७५३ लोक गेले. आग, पाणी आणि ढिगाऱ्यामुळे डीएनए इतका खराब झाला की सुमारे ४० टक्के मृतांची ओळख आजही पटलेली नाही. पण सॅम्पल आणि नातेवाइकांची प्रोफाइल जपून ठेवली असल्यामुळे नवं तंत्र आलं की जुनी हाडं पुन्हा तपासतात. वीस वर्षं उलटून गेल्यावरही तिथे नव्या ओळखी पटल्या आहेत.

अर्जेंटिना: इथे मृत नव्हे, जिवंत माणसं शोधली गेली. १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत पकडलेल्या लोकांची बाळं हिसकावून दुसऱ्या घरांत दिली गेली. आईवडील मारले गेलेले, मग ताडायचं कशाशी? त्या बाळांच्या आज्या पुढे आल्या. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजीआजोबांच्या रक्तावरून नातं सिद्ध करण्याची पद्धत बसवली. १९८७ मध्ये तिथे खास डीएनए बँक कायद्याने सुरू झाली. आजवर १३० हून जास्त नातवंडं सापडली आहेत.

अजनाला, पंजाब: १८५७ च्या उठावातल्या २८२ शिपायांना मारून एका विहिरीत टाकल्याची नोंद होती. २०१४ मध्ये ती विहीर खणली तेव्हा हाडं निघाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डीएनए आणि दातांच्या रासायनिक तपासणीवरून हे लोक पंजाबचे नसून गंगेच्या मैदानी प्रदेशातले होते, असं दिसलं. दीडशे वर्षं जुन्या अवशेषांनी मुलूख सांगितला. पण नावं सांगता आली नाहीत, कारण ताडून पाहायला त्यांच्या वंशजांची सॅम्पल नव्हती.

आपल्याकडे अडतं कुठे?

अपघात मोठा असेल, बातम्यांत असेल तर सॅम्पल घेतली जातात. पण रेल्वे रुळांशेजारी, खाडीत, घाटात सापडणाऱ्या एकेकट्या अनोळखी मृतदेहाचं काय? पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम होतं, फोटो काढतात, वर्णन पाठवतात. ठरावीक काळ वाट पाहून अंत्यसंस्कार होतात. त्याआधी डीएनएसाठी काही राखून ठेवलं नसेल, तर पाच वर्षांनी त्याची आई शोधत आली तरी ताडायला काही उरत नाही.

सॅम्पल ठेवलं तरी दुसरी अडचण असते. समजा मृतदेह कसाऱ्याला सापडला आणि मिसिंगची तक्रार बिहारमधल्या एखाद्या पोलीस ठाण्यात आहे. दोन्हीकडचे डीएनए आपोआप ताडून पाहील अशी देशभराची यंत्रणा आपल्याकडे उभी राहिलेली नाही. त्यासाठीचं डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. त्यात बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृत यांच्यासाठी वेगळ्या याद्या प्रस्तावित होत्या. २०२३ मध्ये ते मागे घेतलं गेलं.

२ जून २०२३ च्या बालासोर रेल्वे अपघातात २९० हून जास्त लोक गेले. एकेका मृतदेहावर एकापेक्षा जास्त कुटुंबांनी हक्क सांगितला, तेव्हा निर्णय डीएनएवरून झाला. पण चार महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, २८ मृतदेहांवर कुणी दावा न केल्यामुळे प्रशासनाने अंत्यसंस्कार केले. तिथे शवागार होतं, सॅम्पल होती, लॅब होती. घरचे मात्र पोहोचले नाहीत.

ओळख न पटण्याचे परिणाम नंतरही चालू राहतात. मृत्यूचा दाखला नाही म्हणून विमा, पेन्शन, जमिनीचा सातबारा सगळं अडतं. एरवी माणूस सात वर्षं बेपत्ता असेल तर कायदा त्याला मृत मानू शकतो. मोठ्या आपत्तीत सरकार लवकर निर्णय घेतं. पण दाखला मिळाला तरी प्रश्न सुटतोच असं नाही. जुलै २०२३ मध्ये रायगडच्या इर्शाळवाडीत २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण सापडलेच नाहीत. जिथे अवशेषच मिळत नाहीत तिथे डीएनएही काही करू शकत नाही.

प्रायव्हसीचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. तुमचं सॅम्पल बेपत्ता भावासाठी दिलं आणि उद्या ते दुसऱ्याच तपासात वापरलं तर? वर सांगितलेल्या विधेयकावर याच मुद्द्यांवरून टीका झाली होती. म्हणून सॅम्पल देताना तीन गोष्टी विचारा: हे कोणत्या केससाठी आहे, कुठे ठेवणार, काम झाल्यावर काय करणार. संमतीपत्र वाचूनच सही करा आणि त्याची कॉपी मागा.

आणखी एक नाजूक बाब. नात्याच्या टेस्टमध्ये कधी कधी घरात माहीत नसलेली गोष्टही समोर येऊ शकते, उदाहरणार्थ वडील जैविक वडील नाहीत. दत्तक घेतलेलं मूल असेल तर लॅबला आधीच सांगा, नाहीतर खरा मॅचसुद्धा चुकीचा समजून बाजूला पडू शकतो.

घरातलं कोणी बेपत्ता असेल तर

१. लगेच मिसिंगची तक्रार द्या. २४ तास थांबायचा कोणताही नियम नाही. बेपत्ता मूल असेल तर एफआयआर नोंदवायला हवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. तातडीसाठी ११२, मुलांसाठी १०९८.

२. टूथब्रश, रेझर, कंगवा धुवू नका, फेकू नका. कोरडा होऊ द्या आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिक पिशवीत ओल राहते आणि बुरशी धरते.

३. दातांचे एक्सरे, जुन्या ऑपरेशनचे कागद, हसतानाचे म्हणजे दात दिसणारे फोटो एकत्र ठेवा. फोनमधले फोटो बॅकअप करून ठेवा.

४. अनोळखी मृतदेहाशी वर्णन जुळत असेल पण खात्री नसेल तर तपास अधिकाऱ्याकडे डीएनए तपासणीची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. सॅम्पल पोलिसांमार्फत सील होऊन सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. महाराष्ट्रात मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिन्याला आहे, शिवाय पुणे, नागपूर, नाशिक अशा ठिकाणीही प्रयोगशाळा आहेत.

५. आईवडील वयस्कर असतील तर त्यांचं सॅम्पल घेण्याची विनंती लवकर करा. ते गेल्यानंतर हीच ओळख पटवणं कितीतरी अवघड होतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दहनानंतरच्या अस्थींमधून डीएनए मिळतो का?
बहुतेक वेळा नाही. म्हणून शंका असेल तर अंत्यसंस्काराआधीच सॅम्पल राखून ठेवायला सांगा.

खासगी लॅबमध्ये परस्पर टेस्ट केली तर?
स्वतःच्या माहितीसाठी ठीक. पण सॅम्पल कुणी घेतलं, सील कुणी केलं याची नोंद नसेल तर पोलीस आणि कोर्ट तो रिपोर्ट धरतीलच असं नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या वंशावळीच्या डीएनए किटचा उपयोग होतो का?
अमेरिकेत अशा वेबसाइटवरच्या दूरच्या नातेवाइकांच्या मदतीने काही जुन्या अनोळखी मृतांची ओळख पटली आहे. पण ते किट वेगळ्या जागा तपासतं, त्यामुळे त्याचा रिपोर्ट एसटीआर प्रोफाइलशी थेट जुळवता येत नाही.

जुळ्यांचं काय?
एकसारख्या जुळ्यांचा डीएनए या टेस्टमध्ये सारखाच येतो. तिथे बोटांचे ठसे उपयोगी पडतात.

बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या नातेवाइकाने रक्त द्यावं का?
त्यांच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो, आणि गालाच्या स्वॅबमध्येही तो मिसळलेला असू शकतो. सॅम्पल देण्याआधी लॅबला हे नक्की सांगा.

ही माहिती लागू नये हीच इच्छा. पण गावातल्या, सोसायटीतल्या एखाद्या घरात कुणी वर्षानुवर्षं बेपत्ता असेल, तर नातेवाइकांची यादी आणि घरी ठेवायच्या वस्तू हे दोन भाग त्यांना आजच वाचून दाखवा.